उस्ताद वगीहचे कान

उस्ताद वगीह बसीली बहिरा होत चालला होता, आणि ही गोष्ट अख्ख्या कैरो शहरात फक्त त्याला एकट्यालाच माहीत होती. बायकोलासुद्धा त्याने पत्ता लागू दिला नव्हता. ती काहीही बोलली की तो "बरोबर आहे तुझं" म्हणायचा. गेले तीन आठवडे ती माउली नवऱ्यावर इतकी खूश होती की तिने दोनदा बदक रांधलं होतं.

गाणी बसवणं हा वगीहचा धंदा. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, गळा तिसरीचा. पण व्हायोलिनं कुठे घुसवायची, डफ कुठे गप्प बसवायचा, गाणारीला श्वास घ्यायला जागा कुठे सोडायची, हे सगळं वगीह ठरवायचा. अशा माणसाचे कान गेले तर मागे राहिलं काय? त्याचे वडील पंचावन्नाव्या वर्षी ठार बहिरे झाले होते. वगीहला त्रेपन्नावं लागलं होतं. एका सकाळी तो उठला तेव्हा दोन्ही कानांवर कुणीतरी उशा दाबून धरल्यासारखं झालं होतं, आणि त्या उशा काही निघेनात. त्याने मनात हिशेब केला आणि तोंडाला कुलूप घातलं.

कुलूप घालायला दुसरंही कारण होतं. नाझलीचा अल्बम अर्धा झाला होता. नाझली सतरा वर्षांची असताना पहिल्यांदा वगीहच्याच हाताखाली गायली होती. मग लग्न झालं, नवऱ्याने गाणं बंद केलं, आणि सहा वर्षांनी तलाक घेऊन ती परत आली. कॅसेट कंपनीच्या हाज दसूकीने तिला घेतलं खरं, पण घेतानाच तोंडावर सांगितलं होतं, "हा अल्बम चालला तर तू नाझली. नाही चालला तर लग्नाच्या मांडवात गा, पोरी, माझ्याकडे येऊ नकोस." अशा वेळी "माझे कान गेले" म्हणून सांगायचं, तर दसूकीने दुसरा माणूस आणला असता आणि दुसऱ्या माणसाने नाझलीचं वाटोळं केलं असतं. निदान वगीहचं तसं ठाम मत होतं. दुसऱ्या संयोजकांबद्दल त्याचं मत नेहमीच ठाम असे.

तेव्हा त्याने काम रेटलं. बोटांना कीबोर्डच्या पट्ट्या पाठ होत्या. कुणी काही विचारलं की तो हसून मान डोलवायचा आणि म्हणायचा, "तुझ्या हातांना आयुष्य लाभो." इतक्या प्रेमळ शब्दांवर पुढे कोण काय बोलणार? अल्बम वेळेत संपला, छापायला गेला. गुरुवारी बारावीचा शेवटचा पेपर होता. आमच्याकडे त्या पेपरच्या आधी कॅसेट काढणं म्हणजे कब्रस्तानात फटाके वाजवणं. घराघरात पोरं घोकत असतात आणि आया दिवे लावून नवस बोलत असतात. पण पेपर संपला की तीच पोरं थेट कॅसेटच्या टपरीवर येतात आणि मग समुद्रावर. म्हणून नाझलीची कॅसेट गुरुवारी संध्याकाळी येणार होती. आज सोमवार. आता वगीहकडे डॉक्टर टाळायला एकही सबब उरली नव्हती.

शुब्रा भागातल्या एका दवाखान्यात डॉक्टर नशअतने विचारलं, "काम काय करता?"

"काय?"

डॉक्टर ओरडला, "काम! काय करता?"

"बुटांचं दुकान आहे," वगीहने ठोकून दिलं.

डॉक्टरने कानात दिवा घातला, बघितलं, दुसऱ्या कानात घातला, बघितलं, आणि नर्सला गरम पाणी आणायला सांगितलं. मग पितळेची एक भलीमोठी पिचकारी आली. वगीहने डोळे मिटून घेतले. पुढच्या पाच मिनिटांत त्याच्या कानांतून जे काय निघालं त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही; नर्सने ते बघून तोंड फिरवलं एवढं पुरे.

"कानात शेती केली होतीत का हो?" डॉक्टर म्हणाला. तो हळू आवाजात म्हणाला, आणि वगीहला ते ऐकू आलं.

मग छतावरचा पंखा ऐकू आला. बाहेर गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटत चालला होता, तो ऐकू आला. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुणाच्या तरी बापाचा उद्धार करत होतं, तेही शब्द न् शब्द ऐकू आलं.

"एवढंच होतं?" वगीहने विचारलं.

"एवढंच. मळ. दगड झाला होता."

"तुमच्या पंख्याचं दुसरं पातं बेसूर आहे, डॉक्टर. पहिल्याशी जमत नाही."

डॉक्टरने चष्म्यावरून बघितलं. "बूटवाल्याचे कान बरेच तिखट दिसतात."

वगीहने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना. त्याला रडू येत होतं आणि हसूही. वडिलांची आठवण झाली. त्यांना तरी कुणी असं पिचकारीवाल्याकडे नेलं होतं का, असं मनात आलं आणि क्षणभर वाईट वाटलं. मग तो जिना उतरून रस्त्यावर आला. तेरेझा संतिणीच्या देवळात मेणबत्ती लावायचं त्याने कबूल केलं, एक नाही, दोन, दर कानाला एक. हॉर्न, भोंगे, भांडणं, कुत्री, जर्दाळूवाल्याची आरोळी, कैरोचा तो सगळा गोंगाट ज्याला आयुष्यभर शिव्या घातल्या, तो आज त्याने अत्तरासारखा अंगावर घेतला. समोर येईल त्या मायक्रोबसमध्ये तो चढला.

आणि त्या मायक्रोबसमध्ये नाझली गात होती.

ही हाज दसूकीची जुनी रीत. कॅसेट बाजारात यायच्या आठवडाभर आधी तो शे-दीडशे मायक्रोबसवाल्यांना ती फुकट वाटायचा. त्याचं म्हणणं, वर्तमानपत्र खोटं बोलेल, रेडिओ खोटं बोलेल, मायक्रोबस बोलणार नाही. उन्हात चौदा माणसं कोंबलेली असताना एखाद्याने "हे कोण गातंय?" असं विचारलं, तर कॅसेट चालणार. "आवाज कमी कर" म्हणाला, तर नाही.

वगीह खिडकीशी बसला आणि खुशीत कान टवकारले. पहिलंच गाणं, अल्बमचं मुख्य गाणं: "परत आलास तर दार ढकल, कडी लावलेली नाही." चाल बहगत अल-तोखीची. व्हायोलिनं उठली, गोल वळली, आणि दुसऱ्या सुरावर येऊन बसली.

वगीहच्या पायाखालची मायक्रोबस सरकली.

आता हे थोडं सांगावं लागेल. आमच्या गाण्यात एक सूर असा असतो की तो कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो. विलायती वाद्याला तो ठाऊक नाही. म्हणून आमच्याकडच्या कीबोर्डांवर छोट्या बटणांची एक ओळ असते. बटण दाबलं की तेवढाच एक सूर आपल्या जागेवरून थोडासा सरकतो आणि त्या फटीत जाऊन बसतो. बहगतने गाणं दिलं होतं ते कुर्द या आमच्या रागात, म्हणजे बटण बंद. वाजत होतं ते बयाती रागात, म्हणजे बटण चालू. सूर एकच बदलला होता, पण त्या एका सुराने गाण्याचा चेहराच बदलतो. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी वगीहने त्याच कीबोर्डवर एका लग्नगायकाचं काम केलं होतं. त्यातलं बटण तसंच राहिलं. या धंद्यात शिरणारा माणूस पहिल्या दिवशी शिकतो ते हेच, की बसायच्या आधी बटणं बघ. न बघितलीस तरी पहिल्या सुराला कान सांगतील. वगीहचे कान तेव्हा काहीच सांगत नव्हते.

आणि त्याला आठवलं. व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या हिल्मी त्या दिवशी मुद्दाम उठून त्याच्यापाशी आला होता, कीबोर्डकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं होतं. वगीह काय म्हणाला होता? "तुझ्या हातांना आयुष्य लाभो."

"अरे ड्रायव्हर, हे कोण गातंय?" मागच्या बाकावरची एक जाडजूड बाई ओरडली. मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीवर नातू.

"नाझली," ड्रायव्हर म्हणाला. "तीच ती, लग्न करून गायब झालेली."

"अगं बाई! पुन्हा लाव ना रे. पहिल्यापासून लाव."

"मघाशीच तीनदा लावलंय, हाज्जा. टेप झिजेल."

"झिजू दे. तुझ्या घरची आहे का? फुकट मिळालीय ती, माहीत आहे आम्हाला."

सगळी गाडी हसली. एरवी हे बोलणं ऐकून वगीहने त्या बाईच्या डोक्याचं चुंबन घेतलं असतं. आज त्याच्या डोळ्यांसमोर बहगतचा चेहरा होता. दोन वर्षांपूर्वी एका गायकाने बहगतच्या चालीतल्या मधल्या वाजवण्याच्या दोन ओळी गाळल्या होत्या. बहगतने संगीतकारांच्या संघटनेत जाऊन एक सही केली आणि टपऱ्याटपऱ्यांवरून कॅसेट उचलली गेली. तो गायक आता आखातातल्या कुठल्याशा हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर गातो. दोन ओळींची ही शिक्षा, मग अख्खं गाणं दुसऱ्याच सुरावर बसवलं त्याची काय?

तो मध्येच उतरला. कोपऱ्यावरच्या टपरीवर फोन होता, आणि फोनच्या वर नाझलीचं नवंकोरं पोस्टर, केस वाऱ्यावर उडालेले. त्या पोस्टरकडे न बघता त्याने तिला फोन लावला.

"नाझली, ते पहिलं गाणं बयातीत आहे."

"आहेच की," ती म्हणाली. "तुम्हीच तर केलंत."

"मी नाही केलं, पोरी. ती चूक आहे."

ती म्हणाली, "असं कसं? हिल्मीने तुम्हाला विचारलं. मीही काचेतून हाताने विचारलं, 'असंच ना?' तुम्ही मान डोलावलीत, वर हसलात. आम्हाला वाटलं, उस्ताद बहगतशी तुमचं बोलणं झालं असेल."

"मग पुन्हा विचारायचं नाही का?"

"तुम्हाला? उस्ताद वगीह बसीलीला दोनदा विचारायचं? हिल्मीला नोकरी नको झालीय का?"

वगीहने कपाळ टपरीच्या फळीला टेकलं. वीस माणसं होती स्टुडिओत, सगळ्यांचे कान शाबूत, आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं. का, तर उस्तादांचा मान राखायचा. मग त्याने तिला मळाचं सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"उस्ताद," ती हळूच म्हणाली, "मला मांडवात गायची लाज नाही. गाईन. पण कॅसेट बाजारातून उचलली ना, तर माझा तो पहिला नवरा सगळीकडे सांगत फिरेल की बघा, मी बसवली तेव्हा घरी मानाने बसली होती. ते मला सहन होणार नाही." मग नाक ओढून म्हणाली, "आणि तुम्हाला सांगू? ते गाणं मी सात वेळा गायले. चौथ्या वेळेला मला रडू फुटलं. हिल्मीने तेच ठेवा म्हणून सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला हेच पाहिजे होतं."

"मी आत्ता जातो त्याच्याकडे. टपरीवरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे."

"मी येऊ?"

"नको. शिव्या एकट्याने खाव्यात, वाटून घेतल्या की पोट भरत नाही."

हे वाक्य त्याने ऐटीत म्हटलं, पण फोनचे पैसे न देताच निघाला.

बहगत अल-तोखी रोद अल-फरगला राहायचा, तिसऱ्या मजल्यावर. सत्तरी उलटली होती, गुडघे गेले होते, स्टुडिओत तो पाऊल टाकत नसे. नाझलीच्या गाण्याच्या वेळी हाज दसूकी एकटाच वर जाऊन आला होता आणि घाम पुसत टेप घेऊन खाली उतरला होता. वगीहने चाल ऐकली ती त्या टेपवर, बहगतच्या ऊद नावाच्या तंतुवाद्यावर वाजवलेली. तेव्हा त्याला ऐकू येत होतं. चाल चांगली होती, थोडी रडकी होती, बाजारात चालते तशी.

दार मुलीने उघडलं, इल्हामने. "आलात का? बाबा तीन दिवस वाट बघताहेत."

तीन दिवस!

बहगत बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसला होता, पायजमा आणि बनियन, मांडीवर ऊद. त्याने वर बघितलं नाही. "एवढे दिवस लागले तुला तीन मजले चढायला?"

"उस्ताद, मी तुमची माफी—"

"बस. खाली काय आहे माहीत आहे?"

वगीहने वाकून बघितलं. खाली मायक्रोबसचा थांबा होता. आठ-दहा गाड्या रांगेत, दारं उघडी, ड्रायव्हर सावलीत चहा पिताहेत. त्यांतल्या तीन गाड्यांत नाझली गात होती, तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या ओळींवर. चोरी पकडायला पोलिसांनी सापळा लावावा तशी दसूकीने नेमकी या माणसाच्या खिडकीखाली जाहिरात लावून ठेवली होती.

"शनिवारपासून ऐकतोय," बहगत म्हणाला. "कोणी सांगितलं तुला?"

"काय, उस्ताद?"

"की ते मुळात बयाती होतं."

वगीहला वाटलं, कानात पुन्हा काहीतरी अडकलं. "काय म्हणालात?"

बहगतने ऊद छातीशी ओढला आणि ती ओळ वाजवली, हळू, तो फटीतला सूर नेमका दाबून. मग बोट तारेवरच ठेवून बोलू लागला. "तुझा तो हाज आला होता. म्हणाला, उस्ताद, आजकालच्या पोरांना कुर्द पाहिजे, सगळे अल्बम कुर्दमध्ये आहेत, तेवढा एक सूर बदला. मी म्हातारा माणूस, मला इल्हामचं बघायचंय. पाच मिनिटांत बदलून दिलं. ऊद त्या दिवसापासून हातात घेतला नव्हता." तो थांबला. "माझा भाऊ सदुसष्टच्या लढाईत गेला. परत आला नाही, आणि मेला असंही कुणी कळवलं नाही. आईने सहा वर्षं दाराला कडी लावली नाही. चोर यायचे, काही नेण्यासारखं नाही म्हणून परत जायचे, तरी लावली नाही. कवीने शब्द आणून दिले तेव्हा मला ती दिसली. कुर्दमध्ये ती बाई रडते, वगीह. बयातीत ती वाट बघते. आणि त्या पोरीने ते बरोबर गायलं. तिला कुणी समजावलं?"

"कुणी नाही," वगीह कसाबसा म्हणाला.

इल्हामने कॉफी आणली, बेताच्या साखरेची, पाण्याच्या ग्लाससकट. या घरात ज्याच्यावर राग असतो त्याला कॉफी मिळत नाही, हे सगळ्या कैरोला माहीत. वगीहचे खांदे तेव्हा कुठे खाली आले.

"चाळीस वर्षांत," बहगत म्हणाला, "माझ्या चालीच्या मागची चाल ऐकू येणारा एकच माणूस मिळाला. तुझे कान..." आणि त्याने वाकून वगीहच्या डोक्याला हात लावला.

आता गप्प बसायचं होतं. कुणीही बसलं असतं. एवढी शाबासकी बहगत अल-तोखीच्या तोंडून या जन्मी कुणी ऐकली नव्हती, आणि वगीहला ती किती हवी होती! त्याने कॉफीचा एक घोट घेतला. मग कप खाली ठेवला.

"उस्ताद, माझ्या कानांत मळ होता."

"काय?"

"मळ. दगड झाला होता. बटण चुकून चालू राहिलं. तीन आठवडे मला काही ऐकू येत नव्हतं, मी नुसती मान डोलवत होतो. आज सकाळी डॉक्टरने पिचकारीने काढला."

इल्हाम दारात ट्रे घेऊन तशीच उभी. मग म्हाताऱ्याची छाती हलायला लागली. वगीहला वाटलं झटका आला, तो उठला. पण म्हातारा हसत होता. इतका हसला की ऊद मांडीवरून घसरला, खोकला आला, इल्हामने पाठीवर थापट्या मारल्या. डोळे पुसत पुसत तो म्हणाला, "शाबूत कानाचा तुझा हाज माझं गाणं मारून गेला, आणि बहिऱ्याने ते जिवंत केलं!" मग बोट रोखून, एकदम दरडावून: "पुढच्या अल्बमच्या आधी त्या डॉक्टरकडे गेलास, तर संघटनेत जाऊन सही करीन."

"म्हणजे कॅसेट थांबवणार नाही ना तुम्ही?" वगीहला ते शब्दात ऐकायचं होतं. आज त्याला सगळंच शब्दात ऐकायचं होतं.

"थांबवू? अरे, खाली जाऊन त्यांना सांग, आवाज मोठा करा. आणि त्या पोरीला फोन लाव. देव तिचं भलं करो, ती तिथे मरत असेल."

फोन कोपऱ्यात, भरतकामाच्या रुमालाखाली होता. वगीहने नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"नाझली, गुरुवारी कॅसेट निघतेय. बयातीतच. उस्ताद म्हणतात, तू बरोबर गायलीस."

पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. वगीहने रिसीव्हर डाव्या कानाला लावला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. काही नाही. कान पुन्हा गेले की काय?

मग, अगदी बारीक, तिचा हुंदका ऐकू आला. तो रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभा राहिला आणि तिचं रडणं संपेपर्यंत ऐकत राहिला.